जुने संगणकीय खेळ आजच्या यंत्रांवर : वाचनालय प्रकल्पाच्या नोंदी

५ एप्रिल २०२५, शनिवार

धरमपेठेतील आमच्या वाचनालयाला एका कार्यालयाने वापरातून काढलेले तीन संगणक मॉनिटरसह देणगी दिले असून, उन्हाळी सुट्टीत ते दुपारी मुलांसाठी आणि संध्याकाळी मोठ्या सभासदांसाठी खुले ठेवावेत, असे कार्यकारिणीने ठरवले आहे. नागपुरात या दिवसांत सकाळी अकरापासून संध्याकाळी पाचपर्यंत मुलांना उन्हात खेळायला सोडता येत नाही, आणि विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीकडे उघडतात. या यंत्रांवर जुने, नावाजलेले खेळ बसवण्याचे काम माझ्याकडे आणि अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात शिकणाऱ्या एका स्वयंसेविकेकडे सोपवले आहे.

पहिल्याच बैठकीत एका सदस्यांनी विचारले की मुलांच्या हातात आजचे चकचकीत खेळ असताना तीस वर्षांपूर्वीचे खेळ त्यांना कोण दाखवणार आणि ते कशासाठी बघणार. प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर असे की आठवणींसाठी एकही खेळ ठेवायचा नाही; ज्याला त्या काळाची काहीही आठवण नाही अशा बारा वर्षांच्या मुलाला जो खेळ आज धरून ठेवेल, तोच ठेवायचा. मात्र त्यासाठी तो खेळ मूळ वेगाने, मूळ आकारात आणि मूळ आवाजात चालला पाहिजे. यातले काहीही बिघडले तर खेळ जुना म्हणून कंटाळवाणा वाटला की चुकीचा चालला म्हणून, हे कधीच कळत नाही.

यंत्रे इंटेलच्या चौथ्या पिढीतील कोअर आय-थ्री प्रोसेसरची आहेत, मेमरी ४ जीबी आणि मॉनिटर सतरा इंची, १२८० × १०२४ चा, जवळजवळ चौकोनी. विंडोज ११ साठी इंटेलची किमान आठवी पिढी लागते आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपणार होता. म्हणून तिन्ही यंत्रांवर लिनक्स मिंट ही मोफत कार्यप्रणाली टाकली. जुन्या खेळांच्या दृष्टीने यात तोटा नाही, उलट फायदा आहे. चौसष्ट बिटी विंडोज सोळा बिटी प्रोग्राम चालवतच नाही, आणि विंडोज ९५ च्या काळातील कित्येक खेळ स्वतः बत्तीस बिटी असूनही त्यांचे इन्स्टॉलर सोळा बिटी असल्यामुळे आजच्या विंडोजवर पहिल्याच पायरीला अडतात. लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणारे वाइन ते इन्स्टॉलर चालवू शकते.

६ एप्रिल, रविवार

आजचा दिवस कायद्याच्या बाजूला दिला, कारण घरी एकट्याने खेळणे वेगळे आणि सार्वजनिक वाचनालयाच्या यंत्रावर खेळ ठेवणे वेगळे. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्राम हे साहित्यकृतींमध्ये मोडतात आणि साहित्यकृतीचे हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतात. इंटरनेटवर ‘अबँडनवेअर’ (सोडून दिलेले सॉफ्टवेअर) म्हणून ज्या खेळांचे ढीग मिळतात, त्या शब्दाला कायद्यात स्थान नाही. कंपनीने विक्री थांबवली म्हणून हक्क संपत नाहीत. अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार तेथे २०१० पूर्वी आलेल्या अभिजात खेळांपैकी ८७ टक्के खेळ आज कोणत्याही रूपात विक्रीला नाहीत. म्हणजे विकत घ्यायची तयारी असलेल्या माणसालाही बहुतेक खेळ सरळ मार्गाने मिळत नाहीत, ही खरी अडचण आहे आणि ती मला गंभीर वाटते. तरीही वाचनालयाच्या यंत्रावर हक्कधारकाने स्वतः मोकळे केलेले किंवा मुक्त परवान्याखालचे खेळच राहतील, असे आम्ही ठरवले. विकत घेण्याजोग्या खेळांची वेगळी यादी करून ती सूचनाफलकावर लावू, कारण ते परवाने साधारणपणे वैयक्तिक वापरासाठी असतात.

१२ एप्रिल, शनिवार

आज स्कमव्हीएम हे जुने साहसी खेळ चालवणारे सॉफ्टवेअर बसवले. याच्या कामाची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. लुकासआर्ट्स (तेव्हाचे नाव लुकासफिल्म गेम्स) या अमेरिकन कंपनीने १९८७ मधील ‘मॅनियाक मॅन्शन’साठी एक भाषा तयार केली, जिच्यात खेळातील खोल्या, वस्तू, संवाद आणि कोडी लिहिली जात, संगणकावर चालणारा इंजिन-प्रोग्राम ती भाषा वाचून खेळ पुढे नेत असे. स्कमव्हीएमने फक्त तो वाचणारा प्रोग्राम नव्याने लिहिला. त्यामुळे जुने यंत्र भासवावे लागत नाही. मूळ खेळाच्या डेटा फाइली तशाच राहतात आणि त्या वाचणारा मात्र आजच्या यंत्राचा असतो. हे काम २००१ मध्ये सुरू झाले आणि पुढे इतर कंपन्यांची इंजिनेही त्यात आली. सुरुवात करणाऱ्यांपैकी एक, स्वीडनचे लुडविग स्ट्रिगियस, यांनीच २००४ मध्ये ओपनटीटीडी सुरू केले, जे आमच्या यादीत पुढे येणार आहे.

पहिला खेळ ‘बिनीथ अ स्टील स्काय’. इंग्लंडच्या रिव्होल्यूशन सॉफ्टवेअरने तो १९९४ मध्ये काढला आणि २००३ मध्ये मोफत वाटपासाठी खुला केला. लिनक्स मिंटच्या सॉफ्टवेअर भांडारातून तो थेट उतरतो. चित्रकथांचे नामवंत चित्रकार डेव्ह गिबन्स यांनी त्याची दृश्ये रेखाटली आहेत. भविष्यातील पोलादी शहरात पळवून आणलेला रॉबर्ट फॉस्टर आणि त्याचा यंत्रमानव मित्र जोई अशी ही जोडी आहे. जोई म्हणजे खरे तर एक सर्किट बोर्ड. तो मिळेल त्या यंत्राच्या सांगाड्यात बसवायचा, म्हणजे जोईचे अंगही बदलते आणि त्याला जमणारी कामेही बदलतात. एवढ्या एका कल्पनेतून कितीतरी कोडी निघाली आहेत, आणि कोड्याचे उत्तर गोष्टीतूनच सापडावे ही शिस्त या खेळाने बऱ्यापैकी पाळली आहे. त्या काळच्या पुष्कळ साहसी खेळांनी ती पाळली नव्हती. दिसेल ती वस्तू दिसेल त्यावर वापरून बघण्याच्या वैतागामुळेच हा खेळप्रकार बदनाम झाला.

सातवीतल्या दोघी मैत्रिणींना आज तो चाचणीसाठी दिला. एकीच्या हाती माउस होता आणि दुसरी संवाद मोठ्याने वाचत होती. पहिल्याच दृश्यात लोखंडी जिन्यावर अडकलेल्या फॉस्टरला बंद दार कसे उघडायचे ते कळेना, तेव्हा वाचणारीने पडद्यावर बोट ठेवून सांगितले की तो कठड्याचा दांडा सुटा दिसतोय, तो काढून बघ. दांडा निघाला, दार उचकटले गेले आणि दोघींनी एकमेकींना टाळी दिली. आवाज आणि मजकूर दोन्ही एकाच वेळी चालू ठेवण्याची सोय स्कमव्हीएममध्ये आहे आणि मराठी माध्यमाच्या मुलांसाठी ती ठेवलीच पाहिजे, कारण बोलण्याच्या ओघात सुटलेले वाक्य वाचून भरून काढता येते.

‘फ्लाइट ऑफ द अ‍ॅमेझॉन क्वीन’ (१९९५) आणि ‘ल्युअर ऑफ द टेम्प्ट्रेस’ (१९९२) हेही मोफत असल्याने बसवले. पहिला हलकाफुलका आणि नीटस आहे, तो राहील. दुसऱ्यात पात्रे स्वतःच्या कामाने गावभर फिरत असतात आणि आपल्याला हवा तो माणूस जागेवर सापडत नाही. १९९२ मध्ये ही गोष्ट नवलाची होती, पण आजच्या मुलाला त्यात वाट बघण्यापलीकडे काही मिळणार नाही, म्हणून तो यादीत घेतला नाही.

१३ एप्रिल, रविवार

चित्राचा आकार. १९८७ मध्ये आलेल्या व्हीजीए कार्डावर एका वेळी २५६ रंग हवे असतील तर बहुतेक खेळ ३२० × २०० ठिपक्यांचा पडदा वापरत. ३२० आणि २०० यांचे गुणोत्तर ८:५ होते, पण त्या काळचा मॉनिटर ४:३ चा असे आणि हे चित्र त्याच्या पूर्ण उंचीवर ताणले जाई. म्हणजे प्रत्येक ठिपका रुंदीच्या १.२ पट उंच दिसे, आणि चित्रकार ते गृहीत धरूनच काढत. आजचा संगणक ठिपके चौरस मानतो. त्यामुळे काहीही न सांगता खेळ चालवला तर माणसे बुटकी आणि चेहरे पसरट दिसतात, आणि बघणारा समजतो की जुनी चित्रे अशीच बेढब होती.

स्कमव्हीएममध्ये गुणोत्तर दुरुस्तीचा पर्याय सुरू करून आम्ही मॉनिटरवर पट्टी लावली. चित्राची रुंदी ३३.८ सेंटीमीटर भरली, म्हणजे उंची २५.३ च्या आसपास हवी, आणि ती तेवढीच निघाली. वर-खाली काळ्या पट्ट्या राहिल्या. हे मॉनिटर ५:४ चे असल्यामुळे पट्ट्या राहणारच. पूर्ण पडदा भरण्याचा मोह टाळावा, अशी चिठ्ठी प्रत्येक मॉनिटरखाली चिकटवली आहे, कारण काळ्या पट्ट्या दिसल्या की कोणीतरी चांगल्या हेतूने त्या काढायला जातेच.

१९ एप्रिल, शनिवार

वेगाचा प्रश्न. डॉस या विंडोजपूर्व कार्यप्रणालीच्या काळातील काही खेळ घड्याळ पाहत नसत. प्रोसेसरला जितके पळता येईल तितके ते पळत. ज्या यंत्रावर लिहिले त्यावर ते ठीक चालत, पण दहापट वेगाच्या यंत्रावर शत्रू दिसायच्या आत खेळ संपे. १९९० चा ‘विंग कमांडर’ हे याचे नेहमी दिले जाणारे उदाहरण आहे. टर्बो पास्कल या भाषेत लिहिलेले पुष्कळ प्रोग्राम तर सुमारे २०० मेगाहर्ट्झच्या पुढच्या पेंटियमवर सुरूच होत नसत: यंत्राचा वेग मोजण्यासाठी सुरुवातीला केलेला भागाकार हाताबाहेर जाई आणि ‘रनटाइम एरर २००’ असा संदेश येऊन सगळे थांबे.

यावरचा उपाय डॉसबॉक्स. २००२ पासून चालत आलेला हा प्रोग्राम प्रोसेसर, साउंड कार्ड आणि व्हिडिओ कार्डासह अख्खे जुने यंत्र सॉफ्टवेअरमध्ये उभे करतो. त्यात ‘सायकल्स’ नावाचा आकडा असतो. तो जितका मोठा तितके आतले यंत्र वेगवान. कंट्रोल दाबून एफ-११ ने वेग कमी होतो, एफ-१२ ने वाढतो. आम्ही डॉसबॉक्स स्टेजिंग ही त्याची नवी शाखा वापरत आहोत, कारण तिच्यात चित्राचे गुणोत्तर आणि जुन्या काचेच्या मॉनिटरची छटा आपोआप सांभाळली जाते. प्रत्येक खेळासाठी वेगळी संरचना फाइल ठेवायची, असे ठरले. ‘मॅक्स’ हा झेपेल तितका वेग देणारा पर्याय मात्र कोणत्याही फाइलमध्ये विचार न करता लिहायचा नाही.

वेगाविषयी बोलताना ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’बद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. त्याचे हक्क यूबिसॉफ्टकडे असल्यामुळे वाचनालयाच्या यंत्रावर तो येणार नाही, पण माझ्याकडे मूळ डिस्क आहे आणि घरी मी तो नेहमी खेळतो. जॉर्डन मेक्नर यांनी तो १९८९ मध्ये अ‍ॅपल-टू या संगणकासाठी पूर्ण केला. धाकट्या भावाला धावायला आणि उड्या मारायला लावून त्यांनी त्याचे व्हिडिओ चित्रण केले होते आणि एकेक चौकट हाताने गिरवली होती. राजपुत्राच्या शरीराला वजन आहे ते त्यामुळे. तो धावताना एकदम थांबत नाही, वळायला पावले घेतो, आणि कड्याच्या टोकावर उभे राहायचे तर शिफ्ट दाबून एकेक पाऊल जपून टाकावे लागते. खेळाला एकंदर ६० मिनिटे मिळतात. मेलात तर त्या टप्प्याच्या सुरुवातीला, घड्याळ मात्र चालूच. ही घाई आणि तो जपून टाकायचा पाय यांच्या ओढाताणीत सगळा खेळ आहे, आणि त्याच्या तोडीची रचना आजही क्वचित बघायला मिळते.

त्यातील छाया-राजपुत्राची हकीकत स्वयंसेविकेला सांगितली. अ‍ॅपल-टूच्या तुटपुंज्या मेमरीत नव्या शत्रूची चित्रे मावत नव्हती, म्हणून मेक्नर यांनी राजपुत्राचीच चित्रे एका बिटाने सरकवून मूळ चित्रांवर एक्स-ऑर क्रियेने (दोन बिटे वेगळी असतील तरच १ देणाऱ्या) चढवली आणि त्यातून चकाकणारी छाया-आकृती उभी राहिली. मेमरी नव्हती म्हणून नायकाचा प्रतिस्पर्धी त्याचीच सावली झाला आणि शेवटी तिच्याशी कसे वागायचे हेच खेळातले सर्वांत सुंदर कोडे ठरले. ती म्हणाली, “काका, हे आम्हाला डिजिटल लॉजिकच्या तासाला सांगायला हवं होतं.” मेक्नर यांच्या वडिलांना अडगळीत सापडलेल्या फ्लॉपींवरून मूळ सोर्स कोड २०१२ मध्ये वाचून काढून प्रसिद्ध करण्यात आला. एसडीएलपॉप नावाचे आधुनिक रूपांतर मात्र डॉस आवृत्ती उलगडून तयार केलेले आहे आणि मूळ हालचाल सेकंदाला सुमारे १२ चौकटींवर तशीच ठेवते. चौकटी वाढवून ती गुळगुळीत केली असती तर खेळच बदलला असता.

२६ एप्रिल, शनिवार

सूचनाफलकावरील आवाहनाला प्रतिसाद म्हणून सभासदांनी खेळांच्या जुन्या सीडी आणून दिल्या. नागपूरच्या घरांत अशा वस्तू माळ्यावर जातात, आणि मे महिन्यात माळ्याची काय अवस्था होते हे सांगायला नको. शिवाय खालच्या कूलरची दमट हवा वर चढते. काही डिस्क वाकल्या आहेत, काहींचा चंदेरी थर कडेने सुटला आहे. पुष्कळांना असे वाटते की चकाकणारी बाजू जपली म्हणजे झाले. प्रत्यक्षात डेटाचा थर छापील बाजूच्या अगदी खाली, पातळ लाखेच्या आवरणाआड असतो. खालच्या बाजूला पॉलिकार्बोनेटची जाडी असते आणि तिथला ओरखडा पुष्कळदा पॉलिश करून काढता येतो. वरच्या बाजूला टोकदार पेनने नाव लिहिले असेल तर मात्र तेवढा भाग गेलाच. पुसताना मऊ कापड मधून कडेकडे सरळ रेषेत न्यावे, गोल फिरवू नये.

प्रती घेण्याबाबत एक नियम लिहून ठेवतो. आयएसओ या नेहमीच्या प्रकारच्या प्रत-फाइलमध्ये फक्त डेटाचा ट्रॅक येतो. १९९६ च्या ‘क्वेक’सारख्या खेळांत संगीत हे त्याच डिस्कवर ऑडिओ सीडीच्या ट्रॅकच्या रूपात असते आणि आयएसओ काढली की ते मागे राहते, खेळ चालतो, पण संगीताविना. अशा डिस्कची बिन आणि क्यू या जोडफाइलींत प्रत घ्यायची. डॉसबॉक्स क्यू फाइल जोडून घेतो आणि संगीत वाजवतो. या प्रती डिस्क आणणाऱ्या सभासदालाच परत देत आहोत, वाचनालयात ठेवत नाही. मासिकांसोबत आलेल्या डिस्कांवर शेअरवेअर (मोफत वाटण्यासाठी काढलेला खेळाचा भाग) आणि नमुना आवृत्त्या बऱ्याच निघाल्या. शेअरवेअरचे वाटप मुळातच मान्य असल्यामुळे त्यांतून उपयोगाचे काही मिळाले.

३ मे, शनिवार

ओपनटीटीडी आजपासून तिन्ही यंत्रांवर, आणि माझ्या मते या प्रकल्पातील हा सर्वांत मोलाचा खेळ आहे. ख्रिस सॉयर यांनी १९९४ मध्ये ‘ट्रान्सपोर्ट टायकून’ काढला आणि पुढच्या वर्षी त्याची सुधारलेली ‘डीलक्स’ आवृत्ती. गावे, खाणी आणि कारखाने यांच्यामध्ये रेल्वे, रस्ते, जहाजे आणि विमाने चालवायची आणि वाहतुकीच्या उत्पन्नावर कंपनी वाढवायची. ओपनटीटीडी हे त्याचे मुक्त परवान्याखालील पुनर्लेखन. सुरुवातीला त्याला मूळ खेळाची चित्रे लागत. पुढे स्वयंसेवकांनी चित्रे, आवाज आणि संगीत स्वतंत्रपणे तयार केले आणि २०१० च्या १.० आवृत्तीपासून मूळ खेळ जवळ नसतानाही तो संपूर्ण खेळता येतो.

राखाडी छटांचे चित्र दिले तर ओपनटीटीडी त्यावरून जमिनीचे चढउतार तयार करतो. स्वयंसेविकेने नासाच्या २००० सालच्या अवकाशयान मोहिमेत मोजलेल्या उंचीच्या माहितीवरून आपल्या भागाचा ५१२ × ५१२ चौकटींचा नकाशा बनवला. उत्तरेला सातपुडा, मध्ये नागपूर, नैऋत्येला वर्धा, पूर्वेला गोंदिया. मुलांना हे सांगावे लागले नाही की येथून दिल्ली–चेन्नई आणि मुंबई–हावडा हे दोन्ही मार्ग जातात. स्थानकाजवळचे डायमंड क्रॉसिंग त्यांच्यातल्या निम्म्यांनी पाहिलेले आहे. पहिल्या तासातच त्यांनी उत्तर–दक्षिण आणि पूर्व–पश्चिम रुळ काटकोनात एकमेकांवरून नेले आणि दोन्हीकडून गाड्या सोडल्या.

मग व्हायचे ते झाले. गोंदियाहून आलेली कोळशाची गाडी जंक्शनमध्ये शिरून फलाट रिकामा नाही म्हणून थांबली, तिचे मागचे डबे क्रॉसिंगवर राहिले आणि बाकी सर्व गाड्या चारही बाजूंना अडकल्या. “काऊन थांबली गाडी?” असा एकच गलका झाला. अजनीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये राहणारा नववीतला एक मुलगा मागे उभा होता. तो पुढे येऊन म्हणाला, “आतमधी घेऊन थांबवत नसते ना, गाडी आउटरलेच थांबवते.” ओपनटीटीडीच्या सिग्नलांचे तत्त्व याहून नेमके सांगता येणार नाही. साधा ब्लॉक सिग्नल पुढचा संपूर्ण विभाग एका वेळी एकाच गाडीला देतो, मग तिच्या वाटेला दुसरीची वाट छेदत असो वा नसो. पाथ सिग्नल गाडीला तिच्या वाटेपुरता रुळ राखून देतो, म्हणून एकमेकींना न छेदणाऱ्या दोन गाड्या एकाच वेळी जंक्शनमधून जाऊ शकतात. मात्र तो जिथे गाडी निर्धास्त उभी राहू शकेल अशाच ठिकाणी लावायचा: जंक्शनच्या अलीकडे, आणि पलीकडे लावायचा तर पूर्ण गाडी मावेल एवढे अंतर सोडून. त्या मुलाने सिग्नल काढून अलीकडे लावले, एक गाडी मागे वळवली आणि गुंता सुटला. पुढची दुपार तोच सगळ्यांना शिकवत होता.

तिन्ही यंत्रे एका स्विचने जोडली असून मुले एकाच नकाशावर तीन कंपन्या चालवतात. नादुरुस्तीचे प्रमाण कमी ठेवले आहे आणि महागाई बंद आहे. शिकत असताना एवढी सूट हवी.

१० मे, शनिवार

‘डूम’विषयी निर्णय. आयडी सॉफ्टवेअरने तो १० डिसेंबर १९९३ रोजी प्रसिद्ध केला आणि १९९७ च्या अखेरीस सोर्स कोड खुला केला, म्हणून आज तो जवळजवळ प्रत्येक यंत्रावर चालतो. मुलांच्या वेळेत तो लागणार नाही. रक्तपात आहे, आणि त्याबाबत ग्रंथपाल मॅडमचे आणि माझे एकमत आहे. संध्याकाळच्या प्रौढ सभासदांसाठी मात्र शेअरवेअरचा पहिला भाग, म्हणजे एका गुप्त टप्प्यासह नऊ टप्पे, ठेवला आहे.

चालवण्यासाठी खुल्या कोडवरून बनलेले चॉकलेट डूम निवडले. जीझेडडूम या तशाच दुसऱ्या रूपात वर-खाली बघता येते, उडी मारता येते आणि चित्र कितीही बारीक करता येते, पण टप्पे तसे बांधलेले नाहीत. चॉकलेट डूम ३२० × २०० वर आणि सेकंदाला ३५ चौकटींवर चालते, मूळ खेळासारखेच. माउस पुढे ढकलला की माणूस पुढे चालतो ही मूळची सवय आजच्या खेळाडूला जाचते. तेवढी उभी हालचाल बंद करण्याची सोय चॉकलेट डूममध्ये आहे आणि ती आम्ही वापरली.

पहिला टप्पा बांधकाम म्हणून बघण्यासारखा आहे. सुरुवातीलाच खिडकीतून बाहेरचे अंगण आणि त्यात पडलेले निळे चिलखत दिसते, पण तिकडे जायला दार नाही. पुढे नागमोडी वाटेच्या दालनानंतर भिंत बारकाईने पाहणाऱ्याला लपलेला रस्ता सापडतो आणि तो थेट त्या अंगणात निघतो. एक अक्षरही न लिहिता खेळाने सांगितले की दिसते तिथे पोहोचता येते, शोधा. आजचे पुष्कळ खेळ हेच बाण आणि सूचनांच्या पाट्या लावून सांगतात.

१७ मे, शनिवार

आवाज. स्कमव्हीएममध्ये जुन्या खेळांचे संगीत अ‍ॅडलिब या जुन्या साउंड कार्डाच्या आवाजात ठेवले आहे. रोलंडच्या एमटी-३२ या १९८७ च्या यंत्रासाठी लिहिलेले संगीत अधिक भरदार वाजते, पण त्यासाठी रोलंडच्या रॉमची (यंत्रातील कायमच्या मेमरीची) प्रत लागते आणि तिचे हक्क आपल्याकडे नाहीत. जनरल मिडी या प्रमाणित पद्धतीच्या संगीतासाठी फ्लुइडसिंथ हा वाद्यांचे आवाज काढणारा प्रोग्राम आणि भांडारातील मोफत साउंडफॉन्ट, म्हणजे वाद्यांच्या आवाजांचा संच, बसवला. दुपारच्या वाचकांना त्रास नको म्हणून प्रत्येक यंत्राला हेडफोन आहेत.

२४ मे, शनिवार

घरी विकत घेण्याजोग्या खेळांची यादी फलकावर लावली. २००८ मध्ये पोलंडमध्ये सुरू झालेले जीओजी हे दुकान कुलूप नसलेल्या फाइली देते, म्हणजे एकदा उतरवलेला इन्स्टॉलर आपल्या पेनड्राइव्हवर कायम ठेवता येतो. यादीत ‘हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३’ (१९९९) सर्वांत वर आहे. आळीपाळीने एकाच संगणकावर आठ जणांना खेळता येणारा आणि अजून न शिळा झालेला असा दुसरा खेळ मला माहीत नाही. कुटुंबात सुट्टीच्या रात्री तो अगदी योग्य. घेताना ‘कम्प्लीट’ आवृत्तीच घ्यावी. २०१५ च्या एचडी आवृत्तीत दोन्ही विस्तार नाहीत, कारण त्यांचा सोर्स कोड हरवला होता. ‘डे ऑफ द टेंटॅकल’ची २०१६ ची नवी आवृत्ती चालेल, कारण तिच्यात नवी आणि जुनी चित्रे हवी तेव्हा बदलता येतात आणि ‘मॅनियाक मॅन्शन’ही आत आहे. ‘रोलरकोस्टर टायकून २’ घेऊन त्याच्या फाइली ओपनआरसीटी-२ ला द्याव्यात. ‘एज ऑफ एम्पायर्स २’ ची २०१९ ची डेफिनिटिव्ह आवृत्ती उत्तम आहे, पण ती आपल्या संगणकाला झेपेल का, हे खरेदीपूर्वी पाहावे.

‘क्रिकेट ०७’ची मागणी जवळजवळ प्रत्येक मुलाने केली. त्याची आज अधिकृत डिजिटल विक्री नाही. दुसऱ्याची उतरवलेली प्रत आम्ही ठेवणार नाही, हे मुलांना समजावून सांगितले. ज्याच्याकडे मूळ डिस्क असेल त्याला घरच्या यंत्रावर बसवायला मदत करू.

७ जून, शनिवार

तिन्ही यंत्रांच्या पूर्ण प्रतिमा क्लोनझिलाने काढून बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवल्या. यंत्र बिघडले तर तासाभरात पुन्हा उभे करता येईल. मुलांचे खाते वेगळे, प्रौढांचे वेगळे. पासवर्ड ग्रंथपाल मॅडमकडे पाकिटात आहेत. डॉसबॉक्सच्या संरचना फाइली, ओपनटीटीडीचा नकाशा आणि मुलांनी जतन केलेले खेळ पेनड्राइव्हवर घेतले असून दर शनिवारी ते नव्याने उतरवण्याची जबाबदारी अजनीच्या त्या मुलाने मागून घेतली आहे.

एक काम बाकी आहे. ‘कमांड अँड कॉन्कर : रेड अलर्ट’ हा १९९६ चा खेळ ईए या अमेरिकन कंपनीने २००८ मध्ये मोफत केला आणि ओपनआरए हे मुक्त इंजिन त्याच्या फाइली घेऊन आजच्या यंत्रावर नेटका चालवते. युद्धाचा खेळ आहे, पण डावपेचांचा. कोणत्या वयापासून तो द्यायचा हे कार्यकारिणीने ठरवायचे आहे. स्वयंसेविका जुलैत एका यंत्रावर तो चालवून दाखवेल आणि दिवाळीच्या सुट्टीपूर्वी निर्णय घेतला जाईल.